हार्ट रिस्कचं अरबी अॅप: गणित चांगलं, प्रश्नच चुकलेत

मी सौदीतल्या दम्माममध्ये एका पॉलिक्लिनिकला नर्स आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू पेशंटच्या शेजारी टॅब धरून उभं राहणारीचा आहे असं समजा. अॅपचं नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचा धोका किती ते सांगणारं हे अॅप, मूळ इंग्रजी, आता अरबीत आलंय.

आधी चांगलं सांगते. आतलं गणित डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या तक्त्यांवर आहे, त्यात जगाचे २१ भाग केलेत आणि सौदी उत्तर आफ्रिका-मध्यपूर्व या भागात येतं. १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात हृदयविकाराचा जो अभ्यास चाललाय त्याचं जुनं गणित इथल्या माणसाला जसंच्या तसं लावण्यापेक्षा हे कधीही बरं. रक्ताचा रिपोर्ट नसला तरी अडत नाही, शुगर-कोलेस्टेरॉलच्या जागी वजन-उंची टाकायची की झालं. निकाल हिरवा, पिवळा, केशरी, लाल असा येतो, समजवायला सोपा.

आता रडगाणं. अरबी उजवीकडून डावीकडे, पण आकडे मात्र डावीकडूनच, आणि बीपी दाखवताना अॅपवाल्यांनी मधल्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोडलीय, बास, एवढ्यावरून १५० / ९० चं स्क्रीनवर ९० / १५० होतं. आजोबा माझ्याकडे बघतात, मी आजोबांकडे. शिवाय अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे नवीन आलेल्या मराठी मुलींनी १५० वाचताना दोनदा बघावं हे आपलं माझ्याकडून फुकट.

जन्मतारीख फक्त इंग्रजी कॅलेंडरची घेतं. इथल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना हिजरी (इस्लामी चांद्र कॅलेंडरचं) सालच माहीत असतं, मग ते सरळ "साठ" सांगतात आणि सोबत आलेला मुलगा साठ धरून साल टाकून देतो. ६० हिजरी वर्षं म्हणजे आपली साधारण ५८. तक्त्यात वयाचे गट पाच-पाच वर्षांचे, म्हणजे माणूस ५५-५९ मधून उचलून थेट ६०-६४ मध्ये! हिजरी तारखेचा एक पर्याय द्यायला काय जातंय कळत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो तंबाखूच्या प्रश्नाचा. "तुम्ही सिगारेट ओढता का?" एवढंच. समोरचा माणूस रोज संध्याकाळी तासभर शीशा, म्हणजे हुक्का, ओढतो आणि अगदी प्रामाणिकपणे "ला" (नाही) म्हणतो, खोटं काही बोलत नाहीये तो, विचारलंच सिगारेटचं. तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या कितीतरी पट धूर आत जातो. अॅप मात्र त्याला छान हिरवा रंग दाखवून घरी पाठवतं. आता मी स्वतःच आधी शीशाचं विचारते, हो म्हटलं की "स्मोकर" वर टिक करते. एक ओळ वाढवली असती तर हा उद्योग वाचला असता.

सल्लाही तसाच, "रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर चाला." जुलैत दम्माममध्ये? मॉलमध्ये चाला म्हणा ना, सगळे तेच करतात. रमजानमध्ये गोळ्यांची वेळ कशी बदलायची याबद्दल अक्षर नाही, इथे लोक सगळ्यात जास्त तेच विचारतात.

वय ४० च्या खाली असलं की अॅप बंद, तो तक्त्यांचाच नियम आहे, पण २००४ च्या इंटरहार्ट या अनेक देशांतल्या अभ्यासात पहिल्या अटॅकचं मधलं वय मध्यपूर्वेत ५१ आणि दक्षिण आशियात ५३ होतं, जगात सगळ्यात कमी वयाचे हेच दोन गट. पस्तिशीतल्या माणसाला निदान "बीपी तपासून घ्या" एवढं तरी म्हणावं.

पाचपैकी तीन स्टार. शेजारी कोणीतरी जाणतं असेल तर वापरा, आईवडिलांच्या हातात एकटं देऊ नका.

आणि आखातातल्या आपल्या लोकांसाठी: अॅप फोनच्या लोकेशनवरून प्रदेश ठरवतं, म्हणजे रत्नागिरीचा माणूसही इथे आला की मध्यपूर्वेचा होतो. सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाही निवडून बघा, दोन्ही आकडे लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.