घरच्या एनएएससाठी जुना मायक्रोसर्व्हर

एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन८ हा छोटा सर्व्हर आला २०१३ मध्ये. तरी कुणी घरच्या एनएएससाठी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक स्टोरेजसाठी विचारलं, तर माझं बोट अजून त्याच्याकडेच जातं. मुख्य कारण ईसीसी रॅम. साध्या पीसीत रॅममधला एखादा बिट पलटला, की चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर जाऊन बसतो. ईसीसी एका बिटची चूक जागच्या जागी दुरुस्त करते. यात रॅमची मर्यादा १६ जीबीची. फाइल्ससाठी भरपूर, व्हर्च्युअल मशिनांचा (एकाच मशीनवर चालणाऱ्या आभासी संगणकांचा) संसार थाटायचा असेल तर दुसरं काही बघा.

ड्राइव्हचे कप्पे चार. पहिले दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे, उरलेले ३ चे. यावरून लोक उगाच नाकं मुरडतात. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला ३ सुद्धा पुरून उरतात, आणि गिगाबिट नेटवर्क त्याच्याही आधी हात टेकतं. एसएसडी लावायचीच तर पहिल्या दोनांत लावा.

आयएलओ, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळायची आतलीच सोय, मात्र झकास! मॉनिटर न जोडता, दुसऱ्या खोलीतून मशीन चालू-बंद करता येतं. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावरची स्क्रीन मात्र परवान्याशिवाय दिसत नाही.

हार्ड ड्राइव्ह सीएमआरच घ्या, म्हणजे ज्यात डेटाचे ट्रॅक एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे डिस्क बदलल्यावर रेड (अनेक डिस्कचा एकत्र संच) पुन्हा बांधताना लिहिण्याचा वेग पार ढेपाळतो. खोक्यावर ‘एनएएस’ छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका, मॉडेल नंबर तपासा.

आणि रॅम अनबफर्ड ईसीसीच हवी. मोठ्या सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते, पण ती यात चालत नाही.