सोळाशेचा कार्बोरेटर, काळा प्लग आणि आठ महिने

गाडी बाबांची, 1996 ची बुलेट 350. ओतीव लोखंडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात. खानापूर ते बेळगाव 26 किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन. गेल्या जूनमध्ये तिला मिकुनी या जपानी कंपनीच्या धाटणीचा, बाजारात मिळतो तसला 24 मिलिमीटरचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) बसवला. 1600 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. डब्यावर एक होतं, अंगावर दुसरंच.

बदलायची वेळ का आली, ते आधी सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे. लिटरला 32 देणारी गाडी 21 वर आली होती. सकाळी थंड असताना बरी चालायची, गरम झाली की भकभक. नवा प्लग 300 किलोमीटरात काळा. खानापूरच्या मेस्त्रीनं तीन वेळा कार्बोरेटरचा एअर स्क्रू, म्हणजे मिश्रण जुळवायचा स्क्रू, फिरवून दिला. उभ्या जागी गाडी छान ठोके द्यायची आणि रस्त्याला लागली की मूळ पदावर. बेळगावातल्या दुसऱ्यानं प्लग न काढताच पिस्टनच्या रिंगा बदलायला सांगितल्या. तिथला म्हातारा फिटर मात्र सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून म्हणाला, "पेट्रोल भाळ कुडीतैति नोड्री." (पेट्रोल फार पिते बघा.) बोटावर कोरडी काजळी होती, तव्याच्या बुडाला असते तशी. ऑइल जळत असतं तर धूर निळसर आला असता आणि प्लग ओला, चकचकीत निघाला असता. काळा धूर आणि कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. रिंगांचे पैसे वाचले.

मग मी रेसच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या: पाव, अर्धी, पाऊण. हा उद्योग आधीच करायला हवा होता. जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा पितळी भोकाचा तुकडा. मूठ जवळजवळ बंद असते तेव्हा पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. पावपासून पाऊणपर्यंत निडलचं, म्हणजे मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या सुईचं. त्याच्या वर मेन जेटचं. जांबोटी रस्त्यावर अर्ध्या मुठीवर दोन किलोमीटर गेलो, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. काळाकुट्ट. म्हणजे दुखणं मधल्या पट्ट्यात, आणि मेस्त्री स्क्रू फिरवत होता खालच्या पट्ट्यातला. स्क्रूवरूनही गोंधळ होतो. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, सैल केला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, सैल केला की आणखी रिच (पेट्रोल जास्त).

जुना कार्बोरेटर उघडून निडल जेट, म्हणजे निडल ज्या भोकात चालते तो, उन्हाकडे धरला तेव्हा उत्तर दिसलं. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. निडलच्या एका बाजूला नखाएवढा चकचकीत पट्टा. एवढी वर्षं ती वरखाली होताना जेटला घासत होती, आणि झिजलेल्या फटीतून पेट्रोल जास्त वर चढत होतं. निडलची क्लिप एक खाच वर घेतली की निडल खाली बसते आणि मिश्रण लीन होतं. तेही करून बघितलं, पण झिजलेल्या भोकाला क्लिप काय करणार? निडल धरणारी स्लाइडही खुळखुळत होती, म्हणून सुट्या भागांच्या मागं न लागता अख्खाच नवा घेतला.

पहिले दहा दिवस मजेत गेले. अकराव्या दिवशी सकाळी पडवीत पेट्रोलचं थारोळं. आईनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कार्बोरेटर काढला, उलटा धरला आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडानं फुंकलं. उलटा धरल्यावर फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) स्वतःच्या वजनानं निडल व्हॉल्व, म्हणजे पेट्रोल आत येण्याची वाट, बंद करतो, तेव्हा हवा जाता कामा नये. इथं बिनधास्त जात होती. व्हॉल्व जिथं टेकतो त्या सीटच्या कडेला पितळेचा बारीक बुरा अडकला होता, कारखान्यातूनच आलेला. तेव्हा नवा माल बसवण्याआधी उघडून धुऊन घ्या. मी घेतला नव्हता.

पुढची खोड घाटात कळली. चोर्ल्यातून उतरून गोव्यातल्या साखळीला गेलो की गाडी एकदम मोकळी, आणि परत वर चढताना पूर्ण रेस दिली की गुदमरल्यासारखी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. वर हवा विरळ आणि जेट तेवढाच, त्यामुळे मिश्रण थोडं रिच होतंच. पण एवढा फरक नुसत्या उंचीनं पडत नाही. मेन जेट बघितला, तर त्याच्यावरचा आकडा जुन्यापेक्षा मोठा निघाला. जुना जेट धुऊन लावला. सुदैवानं त्यात कुणी तार घातली नव्हती. जेटमध्ये तार खुपसणारे हात मला बघवत नाहीत. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, हवा मारा, बस्स.

त्यानंतर गाडी 31 वर आली.

ऑगस्टमध्ये पुन्हा काळा प्लग. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. फिल्टरच्या डब्याच्या झाकणाचं रबर केव्हाच गेलं होतं, आणि कागदी फिल्टर भिजलेल्या पापडासारखा झाला होता. हवा येईना म्हणून रिच. हा दोष कार्बोरेटरचा नाही. पुढचा मात्र त्याचाच. थंड गाडी सुरू करताना मिश्रण रिच करणाऱ्या चोकच्या दांडीची स्प्रिंग इतकी लेचीपेची, की खड्ड्यांच्या हादऱ्यांनी दांडी आपोआप अर्धी सरकते. दिवाळीच्या तोंडावर मी पंधरा दिवस अर्ध्या चोकवर गाडी हाकली आणि शिव्या पंपवाल्याला दिल्या. आता तिथं जुन्या ट्यूबची रबरी पट्टी बांधली आहे.

पंपावरून आठवलं. आमच्याकडं काळ्या प्लगचं खापर 20 टक्के इथेनॉलवर फोडायची पद्धत आहे, आणि तेही ज्या जिल्ह्याच्या उसातून इथेनॉल निघतं तिथं बसून! इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण उलट लीन होतं. मायलेज कमी होतं ते उष्णता कमी असल्यामुळे. रबराला मात्र ते सोसत नाही. परवा निडल व्हॉल्वचं टोक पाहिलं, तर रबरावर सीटची गोल वळी उमटली आहे. पावसाळ्याआधी तो बदलावा लागणार असं दिसतंय.

अंग, स्लाइड आणि निडल जेट यांना माझ्याकडून पैसे वसूल. व्हॉल्व आणि चोकच्या स्प्रिंगसाठी मात्र शून्य. गाडी स्वतः उघडणाऱ्यानं घ्यावा. दुकानात बसवून घेऊन निघून जाणाऱ्यानं घेऊ नये.

रविवारी बाबांनी प्लग काढून खिडकीशी धरला. भुरा, पण मधोमध थोडा गडद. "चहात अजून थोडं दूध चाललं असतं," म्हणाले. मी क्लिप एक खाच वर घ्यायला निघालो, तर त्यांनीच थांबवलं. सकाळची हवा अजून थंड आहे, म्हणजे दाट, आणि दाट हवेत गाडी लीनच चालते. मार्चमध्ये बघू म्हणाले.