जुन्या एक्सबॉक्समध्ये प्रकाशयोजना: सुटे एलईडी की पट्टी?

2001 च्या मूळ एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ गेम यंत्रामध्ये हार्ड डिस्कला वीज पुरवणाऱ्या चार तारांपैकी पिवळीत 12 व्होल्ट, लालमध्ये 5 व्होल्ट आणि दोन काळ्यांत ग्राउंड (प्रवाह परत जाण्याची वाट) असल्याने सुटे एलईडी व एलईडीची पट्टी हे दोन्ही पर्याय तिथूनच चालवता येतात. दोन्ही वस्तू पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात.

12 व्होल्टची पट्टी जोडणे सोपे आहे. प्रवाह मर्यादित ठेवणारे रेझिस्टर तिच्यावरच असतात आणि साधारणतः दर तीन एलईडींनंतरच्या खुणेवर ती कापता येते. मात्र मागचा गोंद उष्णतेने सुटतो आणि लोंबणारी पट्टी पंख्यात अडकली, तर इतके जुने यंत्र तापून बिघडण्याचा धोका खरा आहे.

सुट्या एलईडींना मेहनत अधिक लागते. निळ्या एलईडीवर सुमारे 3 व्होल्ट पडतात, म्हणून लाल तारेवर प्रत्येकाला 150 ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लावल्यास प्रवाह 13 मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून जोड झाकणारी) चढवावीच लागते. तरीही मी सुटे एलईडीच निवडेन, कारण प्रकाश हवा तिथेच पडतो आणि हवेची वाट मोकळी राहते. पर्याय कोणताही असो, आतला पॉवर सप्लाय उघडाच असतो आणि प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विद्युतभार उरतो, त्यामुळे त्याला हात लावू नये.