शस्त्रक्रिया उत्तम, डिस्चार्ज कार्ड मात्र अपुरे

आमच्या अडीच वर्षांच्या मुलाच्या जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया कर्वे रस्त्याच्या परिसरातील मुलांच्या एका खासगी रुग्णालयात झाली. पुढे एक तक्रार मांडायची असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

सकाळी आठला आत नेलेले मूल दुपारी दोनला घरी न्यायला मिळाले, कारण लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेत जाळी बसवावी लागत नाही. जन्माआधीच बंद व्हायला हवी होती ती पिशवी बांधून टाकतात आणि टाकेही आपोआप विरघळतात. भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल दिल्यानंतर माकडहाडाजवळ आणखी एक इंजेक्शन दिले होते. त्याने कमरेखालचा भाग साधारण चार ते सहा तास बधिर राहतो, म्हणून मूल खेळत असले तरी दुखणे सुरू होण्याआधीच पॅरासिटामॉल द्यायचे आणि पहिले दोन दिवस दर सहा तासांनी, घड्याळ लावून द्यायचे, हे त्यांनी नीट समजावले. आमच्या सासूबाईंनी “एवढ्याशा जिवाला इतकं औषध कशाला?” असे विचारताच ते म्हणाले, “आजी, एकदा कळ वाढली की ती आटोक्यात आणायला जास्त त्रास होतो.” बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे ओळखण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याचा तक्ताही परिचारिकेने हातात दिला. असा तक्ता मी याआधी कुठे पाहिला नव्हता.

तक्रार आहे ती डिस्चार्ज कार्डाबद्दल. त्यावर ‘पॅरासिटामॉल सिरप ३.६ मिली, दर सहा तासांनी’ एवढेच होते. मुलाचे वजन १२ किलो, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १८० मिलिग्रॅम हवे, आणि रुग्णालयातील बाटलीत ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम औषध होते. आम्ही घराजवळच्या दुकानातून घेतलेल्या बाटलीत मात्र ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमच होते. संध्याकाळी सहाला ३.६ मिली दिले, म्हणजे निम्म्याहून कमी. आठच्या सुमारास मुलाने पाय पोटाशी घेतले, कडेवर घेतले तरी रडणे थांबेना. तक्त्यावर गुण मोजले तर आठ भरले.

रुग्णालयाच्या रात्रीच्या क्रमांकावर दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला, ही जमेची बाजू. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बाटलीवर काय लिहिले आहे हा; हिशेब करून राहिलेले ३.९ मिली द्यायला सांगितले आणि पाऊण तासात मूल झोपले. चूक उलटी झाली असती, म्हणजे कार्ड पातळ औषधाचे आणि बाटली दाट औषधाची असती, तर दर वेळी दुप्पट मात्रा पोटात गेली असती, आणि पॅरासिटामॉलची जादा मात्रा यकृताला घातक असते. (वरचे आकडे आमच्या मुलाच्या वजनाचे आहेत, ते कोणी उचलू नयेत.)

दुसऱ्या दिवसापासून त्रास झपाट्याने उतरला. तिसऱ्या दिवशी तो सोफ्यावरून उड्या मारू लागला आणि त्याला आवरणे हेच काम होऊन बसले. लागल्यास द्यायचे आयबुप्रोफेन उघडावेच लागले नाही.

शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना पाचपैकी पाच, कागदपत्रांना दोन. सातव्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा ही गोष्ट सांगितली. परिचारिकेने आमच्या कार्डावर पेनाने ‘२५०/५’ लिहून दिले. शेजारच्या बाळाच्या कार्डावर मात्र अजूनही फक्त मिलीच होते.