आवडतं पुस्तक कोणत्या रूपात जवळ ठेवावं: कागदी, ई-रीडर की ऑडिओ?

एकदा वाचून बाजूला ठेवायच्या पुस्तकाबद्दल फार विचार करायची गरज नाही; जे रूप हाताशी असेल त्यात वाचावं. आवडत्या पुस्तकाचं तसं नसतं, कारण त्याच्याकडे आपण परत जातो. पहिल्या वाचनात पुढे काय होणार याची ओढ असते. पुन्हा वाचताना गोष्ट ठाऊक असते, मग वाक्यं दिसू लागतात. ज्या पात्राचा तेव्हा राग आला होता, त्याचं म्हणणं आता पटतं. पुस्तक तेच असतं, मधल्या काळात आपण बदललेले असतो. म्हणून निवडताना मी एकच पाहते: परत जाणं कशात सोपं?

माझा कौल कागदी प्रतीला. समासात पेन्सिलीने केलेली खूण कित्येक वर्षांनीही जागेवर असते आणि तेव्हा आपण कुठे अडलो होतो ते सांगते. हवा असलेला उतारा ‘डाव्या पानावर, खाली, शेवटाकडे कुठेतरी’ असा आठवतो आणि चाळता चाळता सापडतो. मात्र कागदी प्रत जागा खाते, टाइप बारीक असू शकतो, आणि स्वस्त कागद त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे उजेडात पिवळा पडतो. जपायची प्रत उन्हात ठेवू नये. मिळाली तर आम्लरहित कागदावरची आवृत्ती घ्यावी.

कागदावर जास्त समजतं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. २०१८ साली कागदावरचं आणि पडद्यावरचं वाचन यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकुरासाठी कागद सरस ठरला, वेळेचं बंधन असताना तर जास्तच. कथात्मक मजकुरात तसा फरक दिसला नाही. त्यामुळे कादंबरीप्रेमींनी या कारणासाठी ई-रीडर नाकारू नये. त्याचा ई-इंक, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा, पडदा उन्हातही वाचता येतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. नजर अधू झालेल्या वाचकाला आवडतं पुस्तक परत मिळतं ते यामुळेच, आणि ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अडचण मालकीची आहे. २००९ साली हक्कांच्या वादातून अ‍ॅमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या काही विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकल्या होत्या. विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुतेकदा फक्त वाचायचा परवाना असतो.

ऑडिओ पहिल्या भेटीसाठी नको, कारण वाचणाऱ्याचा आवाज पात्रांना कायमचा चिकटतो. ओळखीचं पुस्तक मात्र जरूर ऐकावं. डोळे ज्या वाक्यांवरून घसरून जातात, ती कान सोडत नाहीत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अर्थातच हा नियम नाही. त्यांनी पहिल्यापासून ऐकावं.

जागा आणि पैसे मोजकेच असतील, तर नवी पुस्तकं ई-रीडरवर वाचावीत आणि ज्याच्याकडे आपणहून दुसऱ्यांदा वळलात, त्याचीच कागदी प्रत घ्यावी.