विसाव्या शतकातील स्त्रियांचा हेरिटेज वॉक: किती पाहिले, किती राहिले

मुंबईत आता हेरिटेज वॉकना तोटा राहिलेला नाही. आर्ट डेको इमारती, इराणी हॉटेले, जुनी देवळे असे निमित्त काढून रविवारी सकाळी फोर्टात आणि गिरगावात माणसांचे घोळके हिंडताना दिसतात. विसाव्या शतकातील कर्तृत्ववान स्त्रियांविषयीचा, आणि तोही संपूर्ण मराठीतून चालणारा वॉक मात्र माझ्या पाहण्यात हा पहिलाच. (‘पहिला’ हा शब्द मी जपूनच वापरते आहे, कारण पुढे त्याच्याविषयीच तक्रार करायची आहे.) गेल्या महिन्यात शहात्तर वर्षांच्या सासूबाईंना सोबत घेऊन मी तो केला. आयोजकांचे नाव येथे मुद्दाम देत नाही. संस्था लहान आहे, उपक्रम नवा आहे, आणि पुढे मांडलेल्या त्रुटी मनावर घेतल्या तर दूर होण्याजोग्या आहेत.

शुल्क माणशी ८५० रुपये, ज्येष्ठ नागरिकांना १०० रुपयांची सवलत. वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा. ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत पायी आणि पुढे गिरगाव, जे. जे. स्कूल, कामा रुग्णालय, उच्च न्यायालय व हॉर्निमन सर्कल असा प्रवास छोट्या वातानुकूलित बसने होतो. अठरा जणांच्या गटात प्रत्येकाला कानात घालायचे यंत्र दिलेले असल्यामुळे रस्त्यावरच्या भोंग्यांतही मार्गदर्शिकेचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ही सोय मला पैसे वसूल करणारी वाटली.

सुरुवात उत्तम झाली. मैदानाच्या कडेला उभे करून मार्गदर्शिकेने ९ ऑगस्ट १९४२ ची सकाळ सांगितली. आदल्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव संमत झालेला, पहाटेच गांधीजींसह सारे प्रमुख नेते अटकेत, आणि अशा वेळी तेहतीस वर्षांच्या अरुणा आसफ अली या गवालिया टँकवर, म्हणजे याच मैदानावर, तिरंगा फडकवतात. त्यानंतर भूमिगत झालेल्या या बाईंची मालमत्ता सरकारने जप्त केली आणि त्यांना पकडून देणाऱ्यास ५,००० रुपयांचे इनाम लावले. १९५८ मध्ये त्या दिल्लीच्या महापौर झाल्या आणि १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, हेही सांगून झाले. पण इनामाची ती रक्कम ऐकताना गटात जी शांतता पसरली, ती पुरस्कारांच्या उल्लेखाने पसरली नव्हती.

लॅबर्नम रोडवरचे मणिभवन, म्हणजे गांधीजींचे मुंबईतील मुक्कामाचे घर, त्या वेळी उघडलेले नसल्याने बाहेरूनच पाहावे लागले. तेथून चालत आम्ही विल्सन महाविद्यालयासमोर आलो, आणि या वॉकचा सर्वांत सकस भाग तेथे ऐकायला मिळाला. याच महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या उषा मेहता यांनी तीनच वर्षांनी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, काही सहकाऱ्यांसह काँग्रेस रेडिओ नावाचे गुप्त केंद्र चालवले. वडील ब्रिटिश सरकारच्या न्यायखात्यात न्यायाधीश, आणि मुलगी त्याच सरकारच्या नाकावर टिच्चून ४२.३४ मीटरवरून ‘भारतातून, कुठूनतरी’ बोलत असल्याचे जाहीर करते! ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेले हे केंद्र पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून सतत जागा बदलत राहिले. वृत्तपत्रांना छापायला मनाई असलेल्या बातम्या, आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिकतही, तेथून लोकांपर्यंत पोहोचल्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला तेव्हा प्रक्षेपण चालू होते. त्यानंतर कित्येक महिने कोठडी आणि चौकशी, पुढे चार वर्षांची शिक्षा व येरवडा, आणि १९४६ मध्ये सुटका.

मार्गदर्शिकेने हा भाग केवळ हकिकत म्हणून सांगितला नाही. प्रक्षेपक यंत्र कसे जुळवले असेल, त्याची सामग्री कोणी मिळवून दिली, दर थोड्या दिवसांनी जागा बदलताना ते यंत्र कसे हलवावे लागत असेल, असे प्रश्न तिने आम्हालाच विचारले, आणि शिकागो रेडिओ या कंपनीच्या नानक मोटवाणींनी केलेल्या साहाय्याचा धागा आमच्याकडूनच काढून घेतला. पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभाग सांभाळणाऱ्या आणि मणिभवनाच्या अध्यक्ष झालेल्या उषाबेन त्या पाऊण तासात माझ्यासाठी पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतून बाहेर आल्या.

गिरगावात चहा-पोह्यांसाठी थांबलो तेथे लिज्जत पापडाची गोष्ट आली. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पीठ केंद्रावर मळायचे, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचे, वाळलेले पापड परत आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, शिवाय प्रत्येक बहीण व्यवसायाची भागीदार, ही कामाची रचना मात्र आमच्या गटातील कोणालाच नीट ठाऊक नव्हती. सासूबाईंनी लगेच विचारले, “अगं, पण पावसाळ्यात वाळवायचे कुठे?” मार्गदर्शिका हसून म्हणाली, “आजी, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता.” उत्तर मिळाले नाही, तरी प्रश्नाची नोंद तिने वहीत करून घेतली. ही वृत्ती मला आवडली.

बसमध्ये बसल्यानंतर मात्र वॉकची चाल बदलली. जे. जे. स्कूलचे फाटक, कामा रुग्णालयाचा दर्शनी भाग आणि ओव्हल मैदानाच्या बाजूने उच्च न्यायालय, असे तीन थांबे चाळीस मिनिटांत उरकले गेले. प्रत्येक ठिकाणी सांगण्याचा साचा एकच होता. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, भानू अथय्या या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, मिठन लाम या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर, सुजाता मनोहर या त्याच न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. सासूबाई सुरुवातीला बोटांवर मोजत होत्या. दोन्ही हातांची बोटे संपल्यावर त्यांनी मोजणे सोडून दिले.

यातील एकही विधान चुकीचे नाही. तथापि, ‘पहिली’ म्हटल्याने त्या दारातून त्याआधी बायकांना आत घेतले जात नव्हते एवढेच कळते. आत गेल्यावर त्या बाईने काय केले ते अंधारातच राहते. व्यारावालांची छायाचित्रे सुरुवातीला पतीच्या नावाने छापली जात, पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले, दिल्लीत राहून त्यांनी सत्तांतराचा काळ आणि गांधीजींची अंत्ययात्रा कॅमेऱ्यात पकडली, आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. एवढे सांगायला चार मिनिटे पुरली असती. कोल्हापूरहून जे. जे.मध्ये शिकायला आलेल्या भानू राजोपाध्ये यांनी १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाबरोबर चित्रे मांडली होती, आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये मिळालेले ऑस्कर त्यांनी उतारवयात नीट जपले जावे म्हणून अकादमीकडे परत सोपवले, हे तर त्या फाटकासमोरच सांगण्यासारखे होते. मिठनबाईंच्या बाबतीत त्यांच्या आई हेराबाई टाटा यांचे नावही आले नाही. १९१९ मध्ये या मायलेकी लंडनला गेल्या आणि हिंदी स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून हेराबाईंनी संसदीय समितीपुढे बाजू मांडली. मुंबई प्रांतात १९२१ मध्ये स्त्रियांना मत देता येऊ लागले. मुलीच्या बॅरिस्टरीचे मूळ त्या प्रवासात आहे.

कामा रुग्णालयापाशी डॉ. रखमाबाईंविषयी बोलणे झाले, ते सारे त्यांच्या बालपणी झालेल्या विवाहाच्या खटल्याविषयी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील. विलायतेहून डॉक्टर होऊन आल्यावर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे केलेले काम विसाव्या शतकातले आहे, आणि विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. याच रुग्णालयाची धुरा १९२८ पासून सुमारे दोन दशके सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांचा तर उल्लेखही झाला नाही.

‘पहिली’च्या या हौसेपायी एक चूकही झाली आहे, आणि ती छापील आहे. वॉकबरोबर सोळा पानांची सुबक पुस्तिका मिळते. तिचा कागद, मांडणी आणि रेखाचित्रे देखणी आहेत. शुद्धलेखनही आजकालच्या मानाने निर्दोष म्हणावे असे. मात्र तीत लेखिका दुर्गा भागवत यांना अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष म्हटले आहे. तो मान १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती देशपांडे यांना मिळाला. १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई या दुसऱ्या. दुसऱ्या असल्याने त्यांचे काही उणे होत नाही. आणीबाणीच्या ऐन भरात, सत्तेतील माणसे समोर बसलेली असताना अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेणे आणि पुढे त्यापायी तुरुंगात जाणे हे क्रमांकाने मोजण्याचे कामच नव्हे. मार्गदर्शिकेला मी हे बाजूला घेऊन सांगितले. तिने वाद न घालता ऐकून घेतले आणि पुढच्या छपाईत दुरुस्ती करण्याचे कबूल केले.

वॉकचा शेवट एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर होतो. दुर्गाबाईंचे आयुष्य या ग्रंथालयात गेले आणि १९७६ मध्ये पोलीस त्यांना न्यायला आले तेही येथेच, हे सांगताना मार्गदर्शिकेचा आवाज सकाळी उषाबेनविषयी बोलताना होता तसा पुन्हा जागा झाला. तिला कथा सांगता येते, हे उघड आहे. बसच्या वेळापत्रकाने तिला मधल्या तासाभरात ती सांगू दिली नाही. तीन थांबे कमी करून उरलेल्यांना वेळ द्यावा, ही माझी आयोजकांना पहिली सूचना.

दुसरी सूचना स्वच्छतागृहाची. चार तासांत त्याची सोय एकदाच, गिरगावातल्या उपाहारगृहात झाली, आणि तीही ऐन वेळी विचारणा करून. स्त्रियांविषयीच्या वॉकला निम्म्याहून अधिक साठीच्या पुढच्या बायका येणार, हे नोंदणीच्या यादीवरून दिसतच असते. मार्गावरच्या सोयी आधी पाहून ठेवून त्या पुस्तिकेत छापाव्यात.

उपनगरे या वॉकमध्ये नाहीत, हे अंतर पाहता समजण्यासारखे आहे. तरीही मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यावाचून विसाव्या शतकातील मुंबईकर स्त्रियांची कोणतीही यादी मला अपुरी वाटते, आणि त्यांच्यासाठी गोरेगावला जाण्याची गरजही नव्हती. १९७२ मध्ये त्यांच्या महागाईविरोधी संयुक्त महिला समितीने थाळ्या-लाटण्यांचे जे मोर्चे काढले, ते याच शहराच्या रस्त्यांवरून गेले. बसमध्ये सासूबाईंनी शेजारच्या दोन मुलींना रॉकेलची रांग, गोडेतेलाची टंचाई आणि त्या मोर्चात वाजवून वाजवून पोचे पडलेली स्वतःची थाळी यांची कथा सांगितली. “थाळी अजून आहे हो घरी, भाजी निवडायला घेते,” असे त्यांनी म्हणताच पुढच्या बाकांवरची मंडळी मागे वळली. मार्गदर्शिकेने आपले यंत्र त्यांच्यापुढे धरले असते, तर तो या सकाळचा सर्वांत चांगला थांबा ठरला असता.

आणखी एक थांबा राहिलाच होता, म्हणून गट पांगल्यावर आम्ही दोघी तो स्वतःच पाहायला निघालो. हॉर्निमन सर्कलपासून मादाम कामा रस्त्यावरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सपर्यंत सासूबाईंच्या चालीने वीस मिनिटे लागली. दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी, शास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवीधर झाल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला तरी त्या हटल्या नाहीत, आणि अटी घालून का होईना, त्यांना तेथे घेणे भाग पडले. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारे प्रथिन) असल्याचे दाखवून १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. लग्नानंतर मुंबईत परतून त्यांनी याच इमारतीत नीरा, डाळी आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. एक बहीण एशियाटिकमध्ये आणि दुसरी इथल्या प्रयोगशाळेत, अशा दोघी एकाच शहराच्या एकाच टोकाला वर्षानुवर्षे काम करीत होत्या, आणि पुस्तिकेत कमलाबाईंचे नावदेखील नाही.

रविवार असल्यामुळे फाटक बंद होते. सासूबाईंनी गजांतून आत डोकावून दगडी कमानी पाहिल्या आणि विचारले, “नीरेवर काम इथंच केलं त्यांनी? मग आपण शाळेत असताना दादर स्टेशनवर प्यायचो ती नीरा चांगलीच म्हणायची की.” मी होकार दिला, आणि आम्ही चर्चगेटच्या दिशेने टॅक्सी शोधू लागलो.