थंडीत स्विमिंग पूल झाकायचा की चालू ठेवायचा?

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्याकडचं पोहणं संपतं. दुपारी ऊन छान पडतं, पारा 25-26 पर्यंत जातो, त्यामुळे खुर्चीत बसून पाहणाऱ्याला वाटतं, मारावी उडी. पाण्यात पाय घातला की माणूस शहाणा होतो. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पूल नुसता बघायचा. मग या अडीच-तीन महिन्यांत त्याचं करायचं काय? झाकून बंद करायचा, की पंप थोडा थोडा चालू ठेवायचा? इंदुरात खंडवा रोडच्या बाजूला आमचं घर आहे, पूल 8 बाय 4 मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे 40 हजार लिटर पाणी. पहिला हिवाळा मी झाकून काढला, पुढचे दोन चालू ठेवून. त्यामुळे बोलतोय ते स्वतःच्या अंगणातलं. तुमच्याकडे झाडं, ऊन, वारा वेगळा असेल तर त्या हिशेबाने घ्या.

तिसरा मार्गही लोक सुचवतात. सरळ रिकामा करून टाका! तो कृपा करून सोडून द्या. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पुढे सुकत गेली की आकसते. पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी भरलेलं असताना पूल रिकामा केला, तर खालून वर दाब येतो आणि आतून त्याला तोलायला काहीच उरत नाही. टाइल्स सुटतात, तळाला तडा जाऊ शकतो. शिवाय ज्या शहरात नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस येतं, तिथे 40 हजार लिटर गटारात सोडून फेब्रुवारीत टँकर मागवायला तोंड कुठून आणायचं?

परदेशी व्हिडिओंमध्ये पाइपांत हवा मारून पाणी काढतात, अँटिफ्रीझ घालतात. ते बर्फ पडणाऱ्या गावांचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा तो सगळा भाग पुढे ढकला.

आता झाकण्याबद्दल. आमचा पूलवाला म्हणाला होता, "भिया, ढक दो और भूल जाओ." ऐकायला इतकं गोड की मी लगेच मान हलवली. क्लोरीनचा एक मोठा डोस, शेवाळाचं औषध, फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) आणि वर जाड ताडपत्री, कडेने पाण्याच्या पिशव्या. कागदावर या पद्धतीत खोट नाही. अंधारात शेवाळ वाढत नाही, ऊन नसल्याने क्लोरीन टिकतं, पानं आत पडत नाहीत. विजेचं बिलही उतरलं, ते मी दोन महिने कौतुकाने पाहिलं.

आणि मग मावठा आला.

एका रात्रीचा पाऊस, फार नाही. सकाळी पाहतो तर ताडपत्रीच्या मधोमध खोलगट तळं साचलेलं. त्यात कडुनिंबाची पानं, धूळ, कुठलीशी पिसं, सगळं भिजून चहाच्या रंगाचं झालेलं. मी बादलीने उपसायला गेलो. कडेवरून हात मध्यापर्यंत पोचत नाही. बायको दुसऱ्या कडेला उभी राहिली, आम्ही दोघांनी ताडपत्री उचलली, तर ते सगळं पाणी एका कोपऱ्याला घसरलं, कोपरा दबला आणि अर्धं घाण पाणी डोळ्यांदेखत खालच्या स्वच्छ पाण्यात गेलं. ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप, त्यातच आम्ही आपल्या हाताने ते ओतलं. बायको काही बोलली नाही. ती आत जाऊन चहा ठेवते तेव्हा समजायचं की बोलायचं बरंच आहे.

बरं, एकदा झालं असतं तर विसरलो असतो. पण मावठा नसला तरी दव पडतं, गच्ची धुतली की पाणी तिकडे उडतं, आणि ताडपत्री एकदा ताणली की तो खळगा जातच नाही. आठवड्यात पुन्हा बशीभर, मग परातभर. दहाएक दिवसांनी वाकून पाहिलं तर त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. खाली 40 हजार लिटर क्लोरीनचं पाणी, आणि डास वरच्या दोन बादल्यांत! डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत यायला आठ-दहा दिवस पुरतात, थंडीत थोडे जास्त. म्हणजे आठवड्याला एकदा दोन माणसांनी ते तळं उपसणं आलंच. "भूल जाओ" म्हणतात ते हेच असेल तर कठीण आहे.

त्यात आमच्या कुत्र्याने एकदा त्या डबक्यातलं पाणी प्यायला पुढचा पाय ताडपत्रीवर टाकला. वेळेवर हाक मारली म्हणून थांबला. साधी ताडपत्री किंवा बुडबुड्यांचं कव्हर वजन पेलत नाही. पोर त्यावर पडलं तर कव्हर अंगाभोवती गुंडाळलं जाऊन उघड्या पाण्यापेक्षा वाईट. वजन पेलणारी सेफ्टी कव्हरं येतात, कडेला आकड्यांनी ताणून बसवतात. ती जाळीची असतील तर पाऊस खाली झिरपतो आणि माझी निम्मी तक्रार तिथेच मिटते. किंमत ऐकून मी गप्प बसलो, पण तुमची तयारी असेल तर झाकण्याची बाजू बरीच भक्कम होते, हे मान्य.

फेब्रुवारीत उघडलं तेव्हा पाणी फिक्कट हिरवं होतं. फार वाईट नव्हतं, चार दिवसांत क्लोरीन देऊन आणि फिल्टर चालवून निवळलं. दोष थोडा माझाही होता. झाकलेल्या पुलातही आठवड्यातून एकदा पंप फिरवून क्लोरीन पाहायला हवं. ताडपत्री उचलायच्या भीतीने मी ते टाळत गेलो.

पुढच्या वर्षी ताडपत्री गुंडाळून ठेवली आणि पंप चालू ठेवला. पुस्तकी नियम असा की पाण्याचं तापमान जितकं, त्याच्या निम्मे तास पंप चालवावा. जानेवारीत सकाळी माझा थर्मामीटर 16 दाखवतो, म्हणजे आठ तास व्हायला हवेत. मी दुपारी तीन तास चालवतो. पाण्यात उतरणारं कोणी नाही, घाम नाही, तेल नाही. माझं तरी भागलं आहे. तुमचा पूल मोठा असेल किंवा झाडाखाली असेल तर चार-पाच तास धरा. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे महिन्याला 90 युनिट. ताडपत्रीच्या हिवाळ्यापेक्षा हा खर्च जास्त आहे, यात वाद नाही.

क्लोरीन मात्र आश्चर्य वाटेल इतकं कमी लागतं. मे महिन्यात रोज घालूनही पुरत नाही, जानेवारीत आठवड्यातून दोनदा घातलं तरी टेस्ट किटमध्ये रंग दिसतो. पाणी 15 अंशांच्या आसपास आलं की शेवाळाचा जोर ओसरतो, आणि हिवाळ्याचं ऊन क्लोरीन तितक्या वेगाने खात नाही. 1 ते 3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) मध्ये ठेवा, पीएच 7.2 ते 7.6. मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र असेल त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की बरीचशी यंत्रं 15 अंशांच्या खाली आपणहून काम थांबवतात. पंप फिरतोय म्हणून आपण निश्चिंत, आणि क्लोरीन शून्य. द्रव क्लोरीनचा एक कॅन घरात असू द्या. आणखी एक, थंड पाणी भुकेलं असतं. त्यात कॅल्शियम कमी असेल तर ते टाइल्सच्या सांध्यांमधून घेतं. बोअरचं जड पाणी असलेल्यांना ही चिंता सहसा नसते, पण महिन्यातून एकदा अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची ताकद) पाहावी. 80 ते 120 पीपीएममध्ये असली की बरं.

पानांचं काय, हा रास्त प्रश्न आहे. डिसेंबरात त्रास थोडाच. खरी झड फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडुनिंब आणि पिंपळ एकदम रिकामे होतात तेव्हा. त्या तीन-चार आठवड्यांसाठी मी बागेत वापरतात ती शेडची हिरवी जाळी ताणतो. पाऊस खाली जातो, पानं वर राहतात, वाळली की झाडूने एकटा माणूस ओढून घेतो. एकटा, हे महत्त्वाचं. बाकी दिवसांत स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) टोपली दर दोन दिवसांनी रिकामी करायची, सकाळी चहा पिता पिता होणारं काम. रंगपंचमीला गेर (रंग उधळणारी मिरवणूक) पाहून रंगलेली पोरं थेट पुलात उड्या मारतात, त्या दिवशी जाळी काय नि फिल्टर काय, कशाचाच उपयोग नाही. ते वेगळं दुःख.

स्पाचं, म्हणजे जेट असलेल्या गरम पाण्याच्या टबाचं, गणित मात्र उलटं आहे. आमचा चार माणसांचा, साधारण 1200 लिटरचा. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.16 युनिट लागतात. म्हणजे 18 वरून 38 वर न्यायला 28 युनिट, वाटेत निसटणारी उष्णता वेगळी. हाच हिशेब पुलाला लावला तर दहा अंशांनाच 465 युनिट होतात, म्हणून पूल तापवायचं स्वप्न मी केव्हाच सोडलं. स्पा दर शनिवारी वापरत असाल तर भरलेला, झाकलेला, औषध घातलेला ठेवा. याचं झाकण जाड, कडक आणि मधून उताराचं असतं, त्यावर पाणी थांबत नाही. तिथे माझी काहीच तक्रार नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, ब्रोमीन जास्त टिकतं. पाणी तीन-चार महिन्यांत बदलावं.

पण "बघू, पाहुणे आले तर" म्हणत कोमट पाणी नुसतं भरून ठेवू नका. लीजनेलासारखे जीवाणू 20 ते 45 अंशांत वाढतात, आणि जेट सुरू केले की त्या पाण्याचे तुषार थेट श्वासात जातात. एक तर नीट चालवा, नाही तर पाइपांसकट रिकामा करून कोरडा ठेवा. 1200 लिटर बागेला घालताना जिवावर येत नाही. दोन दिवस क्लोरीन उतरू द्या म्हणजे झाडं जळणार नाहीत. आम्ही संक्रांतीपर्यंत वापरतो आणि मग रिकामा करतो.

तर तुम्ही हिवाळाभर इंदुरात असाल, तर मला वाटतं 90 युनिट भरावेत आणि पाणी डोळ्यांसमोर ठेवावं. दोन महिने पोराकडे पुण्याला जाणार असाल, घराला कुलूप असेल, तर झाकण्याला पर्याय नाही. पण जाण्याआधी मावठ्याचा बंदोबस्त म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा. एकाला नको, दोघांना.